कढीपत्त्यावरची अळी मारली, तर फुलपाखरू येणार कुठून? चिंचणीच्या वाड्यांमधली पानापानाची गोष्ट

श्रावण सुरू झाला की डहाणू, बोईसर, पालघरकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो हमखास फिरायला लागतो. कुंडीतला कढीपत्ता, त्याची अर्धी पानं फस्त झालेली, आणि देठाला चिकटून बसलेली एक हिरवीगार, गुबगुबीत अळी. खाली प्रश्न एकच असतो: "यावर काय मारायचं?" उत्तरंही ठरलेली. कुणी निंबोळी अर्क सांगतं, कुणी साबणाचं पाणी, कुणी थेट दुकानातल्या औषधाचं नाव.

दोन-तीन आठवड्यांनी त्याच ग्रुपवर दुसरा फोटो येतो. घाणेरीच्या फुलावर बसलेलं काळं-पिवळं फुलपाखरू. त्याखाली मात्र बदामांची रांग लागते.

हे दोन्ही फोटो एकाच प्राण्याचे असतात. पहिल्या फोटोखालचा सल्ला सगळ्यांनी ऐकला असता, तर दुसरा फोटो काढायला कुणी आलंच नसतं.

फुलपाखरू म्हटलं की फूल आठवतं, कारण नावातच फूल आहे. पण एखाद्या गावात कोणती फुलपाखरं असतील आणि कोणती नसतील, हे मुख्यतः फुलांवर ठरत नाही. मध पिण्यासाठी बहुतेक फुलपाखरांना कुठलंही सोयीचं फूल चालतं. त्यांच्या अळीला मात्र ठरावीक झाडाचंच पान लागतं. ते झाड गेलं की फुलपाखरू जातं, मग अंगणात कितीही गुलाब लावा. चिंचणीसारखं गाव हे समजून घ्यायला फार सोयीचं आहे.

चिंचणी हे डहाणू तालुक्यातलं समुद्रकाठचं गाव. दक्षिणेला तारापूर, पश्चिमेला समुद्र आणि किनाऱ्यावर सुरूची झाडं. मागे नारळ, आंबा आणि चिकूच्या वाड्या, त्यामागे भाताची आणि मिरचीची शेतं, खाडीकडे खाजणं आणि तिवरं. रेल्वेलाईन ओलांडून पूर्वेला गेलं की जमीन हळूहळू चढते आणि डहाणू-तलासरीच्या डोंगराळ भागात सागाची आणि बांबूची रानं लागतात. समुद्रापासून डोंगरापर्यंतच्या या पट्ट्यात मातीचे आणि झाडांचे जेवढे प्रकार, तेवढी फुलपाखरांची घरं.

अंडं, अळी, कोष

आधी त्या कढीपत्त्यावरच्या अळीकडे बघू. ती असते लाइम बटरफ्लायची किंवा कॉमन मॉर्मनची. लिंबू, बेल, कढीपत्ता ही एकाच कुळातली झाडं, आणि या दोघांच्या अळ्यांचं जेवण तिथेच.

मादी मोहरीच्या दाण्याएवढं फिकट पिवळं अंडं कोवळ्या पानावर एकेकटं चिकटवते. तीनेक दिवसांत अळी बाहेर येते आणि बहुतेक वेळा पहिला घास स्वतःच्या अंड्याच्या कवचाचा घेते. या वयात ती काळपट असते, मध्ये पांढरा डाग. पानावर पक्ष्याची शिट पडली आहे असंच वाटतं, आणि वाटावं यासाठीच तो वेष आहे. शिट खायला कोणता पक्षी येणार?

अळीची कातडी ताणत नाही. अंग वाढलं की कातडी फाडून नवी कातडी घालावी लागते. अशी चार वेळा कात टाकून ती पाचव्या अवस्थेला पोचते, तेव्हा ती इतकी मोठी झालेली असते की शिटीचं सोंग जमत नाही. मग रंग बदलून हिरवा होतो. या अवस्थेत तिला काडीने हलकेच डिवचलं तर डोक्यामागून एक केशरी, साप जिभल्या चाटतो तसं दुहेरी शिंग बाहेर येतं आणि एक उग्र वास सुटतो. मुंग्यांना आणि कोळ्यांना पळवायला तो पुरेसा असतो. माणसाला त्याने काहीही होत नाही.

इथे एक गैरसमज दूर केलेला बरा. अंगावर पडला की खाज सुटणारे केसाळ सुरवंट, म्हणजे शेवग्याच्या खोडावर थवे करून बसणारे वगैरे, ते जवळजवळ सगळे पतंगांचे असतात. फुलपाखरांच्या अळ्यांना काटे असले तरी ते बहुधा दिखाऊ असतात.

दोन-अडीच आठवडे खाऊन झाल्यावर अळी खाणं सोडते, जागा शोधते, शेपटाकडची बाजू रेशमाने चिकटवते आणि कमरेभोवती रेशमाचा एक धागा बांधून घेते. नारळावर चढणारा माणूस कमरेला दोर लावतो, तसा. मग शेवटची कात पडते आणि आत कोष दिसतो. हिरव्या पानांत असेल तर हिरवा, सुक्या काडीवर असेल तर बहुधा तपकिरी.

कोषात अळी झोपलेली असते असं शाळेत सांगतात. प्रत्यक्षात आत मोठी मोडतोड चालू असते. अळीचे स्नायू, तिची पचनसंस्था यांचा बराचसा भाग विरघळतो आणि त्याच मालातून पंख, लांब पाय, सोंड तयार होते. पंखांचे बारीक मूळ-पुंजके अळीच्या अंगात आधीपासूनच असतात. कोषात त्यांना वाढायची परवानगी मिळते, एवढंच. मग अळीची आठवणही विरघळते का? २००८ साली अमेरिकेतल्या जॉर्जटाऊन विद्यापीठातल्या संशोधकांनी तंबाखूवरच्या एका पतंगाच्या अळ्यांना एक विशिष्ट वास आला की सौम्य विजेचा झटका बसतो, हे शिकवलं. शेवटच्या अवस्थेत हे शिकलेल्या अळ्यांचे पतंग झाल्यावरही त्यातले बरेच तो वास टाळत होते. म्हणजे मेंदूचा काही भाग ही मोडतोड पार करून पुढे जातो.

आठ-दहा दिवसांनी सकाळच्या वेळी कोष फाटतो. बाहेर येणारं फुलपाखरू ओलं, चुरगळलेलं असतं. ते पंखांच्या शिरांमध्ये अंगातलं द्रव ढकलून त्यांना ताणतं. सोंड दोन अर्ध्या नळ्यांची असते, त्या एकमेकींत बसवून ते एक नळी करून घेतं. हे काम बिघडलं तर ते उपाशी मरतं. म्हणूनच नुकत्याच निघालेल्या फुलपाखराला "मदत" म्हणून हात लावू नये.

एक मादी शंभराच्या आसपास किंवा त्याहून जास्त अंडी घालते. फुलपाखरांची संख्या वर्षानुवर्षं साधारण तेवढीच राहते असं धरलं, तर त्यातली सरासरी दोनच पुढची पिढी होतात. उरलेली मुंग्या, कोळी, बुलबुल, शिंपी आणि अळीच्या अंगात अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्या खातात. बुलबुलाच्या पिल्लांचं पोट याच अळ्यांवर भरतं. कुंडीतल्या चार अळ्या आपण उचलल्या नाहीत तरी त्यातल्या तीन कुणीतरी उचलणारच असतं.

पायाने चव घेणारी आई

कढीपत्त्याचं झाड मादी कसं ओळखते? लांबून रंग आणि आकार, जवळून वास. आणि शेवटी पाय. फुलपाखरांच्या पायांवर चव घेणारे केस असतात. अंडं घालण्याआधी मादी पानावर बसून पुढच्या पायांनी पटापट टपल्या मारते. त्यातून पानातली रसायनं तिला कळतात. चव पटली नाही तर ती उडून पुढच्या झाडावर जाते. फुलपाखरू झाडावर उगाच बागडतंय असं वाटतं तेव्हा पुष्कळदा हाच बाजारहाट चालू असतो.

फोटो काढणाऱ्यांसाठी एक गंमत. टायगर, पॅन्सी, बॅरन यांचे जवळून काढलेले फोटो झूम करून बघा. पाय चारच दिसतील. कीटकांना सहा पाय असतात हे बरोबर आहे, पण या मोठ्या कुळात पुढची जोडी आखूड होऊन छातीला चिकटलेली असते, चालायला उपयोग नाही. मादी मात्र चव घ्यायला तीच वापरते.

एवढी निवड कशासाठी? कारण झाडंही गप्प बसलेली नाहीत. पान खाल्लं जाऊ नये म्हणून प्रत्येक झाडाने आपापलं रसायन तयार केलं आहे. कुणाचा चीक, कुणाचं तेल, कुणाचा कडूपणा. ते पचवण्याची युक्ती ज्या फुलपाखराच्या घराण्याला साधली, ते त्या झाडाला बांधलं गेलं. लाखो वर्षांचा हा करार आहे आणि तो एका पावसाळ्यात बदलून घेता येत नाही. कढीपत्त्यावरची अळी उचलून जास्वंदीवर ठेवली तर ती उपाशी मरेल.

चिंचणीत कुणाचं घर कुठे?

गावाच्या नावात चिंच ऐकू येते, तर चिंचेपासूनच सुरू करू. ब्लॅक राजा नावाचं एक दणकट, वेगवान फुलपाखरू आहे. त्याची अळी चिंचेचा पाला खाते. हा राजा फुलांवर क्वचितच दिसतो. त्याला झाडाचा झिरपलेला रस, शेण आणि सडकी फळं आवडतात. डहाणूच्या वाड्यांत त्याला उपाशी राहायचं कारण नाही. जमिनीवर पडून आंबलेला चिकू ही अशा फुलपाखरांची मेजवानीच. त्याच पडलेल्या फळावर कॉमन बॅरन बसलेलं दिसेल, संध्याकाळी इव्हनिंग ब्राऊनही.

बॅरनची अळी आंब्यावर असते आणि ती सापडली तर स्वतःची पाठ थोपटून घ्यायला हरकत नाही. हिरव्या अंगावर दोन्ही बाजूंना पिसासारखे काटे आणि पाठीवर मधोमध एक फिकट रेघ. ती पानाच्या मधल्या शिरेवर बरोबर रेघ जुळवून बसते. पान आणि अळी यांच्यात फरक करणं पक्ष्यालाही जड जातं. आंब्याच्या कलमांवर नजर फिरवताना दहादा तिच्यावरून नजर जाते आणि ती दिसत नाही.

नारळाच्या झावळीत पान गुंडाळून केलेली नळी आणि आत पांढऱ्या मेणाच्या लांब दोऱ्यांनी झाकलेली अळी दिसली, तर ती जायंट रेडआयची. हे तपकिरी, लालबुंद डोळ्यांचं फुलपाखरू तिन्हीसांजेला उडतं, त्यामुळे लोक त्याला पतंग समजतात. नारळ-सुपारीवरच कॉमन पामफ्लायही वाढतं. बंगल्यांच्या कुंपणाला लावलेला उंच सरळ अशोक, म्हणजे खरं तर खोटा अशोक, आणि परसातलं सीताफळ यांच्यावर टेल्ड जे. हिरव्या ठिपक्यांचं, एका जागी न ठरणारं. कण्हेरीवर कॉमन क्रो. त्याचा कोष एकदा तरी पाहावा असा आहे. पानाखाली टांगलेला, आरशासारखा चमकणारा, चांदीचा ओतीव डूल असावा तसा. त्यात धातूचा कणही नसतो. कोषाच्या कवचात अतिशय पातळ थरांवर थर असतात, त्यांच्यावरून उलटणाऱ्या प्रकाशाने ती चमक येते.

बोरीवर छोटी ठिपकेदार पिएरो फुलपाखरं. त्यांच्या कुळातल्या कित्येक अळ्यांना मुंग्या राखतात. अळी अंगातून गोड थेंब देते, मुंग्या तो चाटतात आणि बदल्यात शत्रूंना हाकलतात. गुराख्याचा आणि गाईचा व्यवहार जसा. भातशेतीच्या बांधावरच्या गवतावर आणि भातावर इव्हनिंग ब्राऊन आणि स्विफ्ट. ओल्या पडीक जागेतला कोळशिंदा आणि कुंपणाची कोरांटी यांच्यावर पॅन्सी.

आणि समुद्राकडची खास गोष्ट म्हणजे पिलू. याच्याच काड्यांचं मिसवाक करून दात घासतात. खाऱ्या जमिनीत, तिवरांच्या मागच्या कोरड्या कडेला हे झुडूप वाढतं. लहान सामन अरब हे गुलाबी-केशरी फुलपाखरू याच झुडपावर अंडी घालतं. पिलूची ती कड ना धड खारफुटीत मोजली जाते, ना शेतात. भराव टाकताना पहिला नंबर तिचाच लागतो. तिथून पिलू गेलं की सामन अरब पुढच्या खाडीवर जाईल, आणि तिथेही पिलू नसेल तर पुढच्या.

भाजीवाल्या बाईंच्या टोपलीत काय असतं?

पावसाच्या सुरुवातीला डहाणू, वाणगाव, तलासरीच्या बाजारात वारली बाया रानभाज्यांचे वाटे घेऊन बसतात. टाकळा, घोळ, आणि त्याआधी वायवर्णाची कोवळी पालवी. या टोपलीकडे जरा वेगळ्या नजरेने बघता येतं.

टाकळ्यावर मॉटल्ड एमिग्रंट आणि पिवळी ग्रास यलो यांच्या अळ्या वाढतात. वायवर्णावर ग्रेट ऑरेंज टिप, पंखांच्या टोकाला केशरी झगझगीत पट्टा असलेलं मोठं पांढरं फुलपाखरू. घोळीवर डॅनेड एगफ्लाय. म्हणजे माणसाची भाजी आणि फुलपाखराचं घर एकच. शतकानुशतकं खुडूनही या वनस्पती संपल्या नाहीत, कारण शेंडा खुडला तरी झाड राहतं. तणनाशक मारलं की मूळच जातं. शहाणपणाने खुडणारा हात आणि फवारणीचा पंप यांत फरक आहे, आणि फुलपाखरांना तो फार लवकर कळतो.

तसं पाहिलं तर "तण" हा शब्दच मोठा अन्यायकारक आहे. रुई, टाकळा, घोळ, कोळशिंदा, खुळखुळा, भुरुंडी: रस्त्याच्या कडेची ही सगळी मंडळी सरपंचांच्या स्वच्छता मोहिमेत एका दिवसात साफ होतात. खुळखुळा आणि भुरुंडी यांचं काम तर अजून वेगळं. त्यांच्या सुकलेल्या काड्यांवर ब्लू टायगर, क्रो यांचे नर थव्याने चिकटलेले दिसतात. ते मध पीत नसतात. त्या झाडांतलं एक कडू रसायन शोषून घेतात आणि त्यापासून मादीला रिझवण्याचं अत्तर बनवतात. अत्तर नसलेल्या नराकडे मादी सहसा वळत नाही.

ओल्या मातीवर, नदीच्या वाळूत, गुरं बांधलेल्या जागी घोळक्याने बसणारी फुलपाखरंही बहुतेक नरच असतात. मधात साखर असते, मीठ नसतं. ते मीठ ही मंडळी चिखलातून गोळा करतात आणि मीलनाच्या वेळी मादीला देतात. ते पुढे अंड्यांमध्ये उतरतं.

विष कुणाचं, नाव कुणाचं

रुईचं पान मोडलं की पांढरा चीक येतो. तो डोळ्यात गेला तर काय होतं हे गावातल्या पोरांना ठाऊक असतं. प्लेन टायगरची काळी-पांढरी-पिवळी पट्टेदार अळी तोच चीक पिऊन मोठी होते आणि त्यातलं विष अंगात साठवते. ते फुलपाखरातही उतरतं. एखादा नवखा पक्षी त्याला पकडतो, तोंड कडू होतं, थुंकतो आणि पुन्हा केशरी रंगाच्या नादी लागत नाही. म्हणून प्लेन टायगर निवांत, संथ उडतं. त्याला घाई कशाची?

आता घोळीवर वाढलेलं ते डॅनेड एगफ्लाय आठवा. घोळीत तसलं विष नाही, तिची आपण भाजीच करतो. पण एगफ्लायची मादी हुबेहूब प्लेन टायगरसारखी दिसते. तोच केशरी रंग, तीच काळी टोकं. नर पूर्ण वेगळा, काळाभोर आणि त्यावर पांढरे गोल. सोंग फक्त मादीने घेतलं आहे, कारण अंडी पोटात घेऊन झाडाझाडावर फिरायचा धोका तिला.

या विद्येत सगळ्यात पोचलेलं फुलपाखरू कढीपत्त्यावरचं कॉमन मॉर्मन. त्याला बहुरूपी म्हणतात ते योग्यच आहे. नर एकाच प्रकारचा, काळा आणि मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ. मादी मात्र तीन रूपांत येते. एक नरासारखी. दुसरी कॉमन रोझसारखी, तिसरी क्रिमझन रोझसारखी. ही दोन्ही रोझ फुलपाखरं सापसंद वेलीच्या कुळातल्या विषारी पानांवर वाढतात आणि पक्ष्यांना नकोशी असतात. एकाच आईच्या पोटी, एकाच कढीपत्त्याच्या झाडावर वाढलेल्या बहिणी वेगवेगळ्या वेषात बाहेर पडू शकतात.

हे कसं जमतं, याचं उत्तर २०१४ साली 'नेचर' या शोधपत्रिकेत आलं. पुण्यात वाढलेले आणि बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवशास्त्र केंद्रात काम करणारे कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की या सगळ्या सोंगाची सूत्रं डबलसेक्स नावाच्या एकाच जनुकाकडे आहेत. कीटकांमध्ये हे जनुक मुळात नर-मादी ठरवण्याच्या कामातलं. बहुरूपीमध्ये त्याला पंखांच्या नक्षीचं जादा काम मिळालं आहे. तोवर अनेक जनुकांचा मिळून एक गठ्ठा हे काम करत असावा, असा अंदाज होता.

पण या सोंगाला एक अट आहे. खरी विषारी फुलपाखरं आसपास असावी लागतात, नाहीतर पक्षी धडा शिकणार कुठे? म्हणजे कढीपत्ता वाचवून पुरत नाही. रानातली सापसंदही हवी.

मिठाच्या खात्यातला साहेब

कोणती अळी कोणतं पान खाते ही माहिती आज मोबाईलवर मिळते. ती गोळा झाली मात्र अगदी साध्या पद्धतीने. साताऱ्यात १८५१ साली जन्मलेले एडवर्ड हॅमिल्टन एटकेन मुंबई इलाख्यात मीठ आणि जकात खात्यात नोकरीला होते. १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांपैकी ते एक. कामानिमित्त किनाऱ्यावर फिरताना ते अळ्या गोळा करून घरी वाढवत. डेव्हिडसन आणि बेल या दोन सहकाऱ्यांबरोबर त्यांनी कारवारकडच्या फुलपाखरांवर लिहिलं, आणि १९०३ साली कॉम्बर यांच्यासोबत कोकणातल्या फुलपाखरांची यादी सोसायटीच्या जर्नलमध्ये छापली. डबीत अळी ठेवायची, रोज पान बदलायचं, काय निघतं ते लिहून ठेवायचं. याला पदवी लागत नाही, चिकाटी लागते.

आपल्याच काळातलं उदाहरण ठाण्याजवळ आहे. घोडबंदर रस्त्यावरच्या ओवळा गावात राजेंद्र ओवळेकर यांनी घरच्या शेतजमिनीवर फुलपाखरांसाठी बाग केली. फुलझाडांच्या जोडीला त्यांनी अळ्यांची खाद्यझाडं लावली आणि फवारणी बंद ठेवली. त्या छोट्या वाडीत शंभराहून जास्त जाती दिसल्या आहेत. भारतात मिळून फुलपाखरांच्या तेराशेच्या वर जाती, महाराष्ट्रात सव्वादोनशेहून जास्त. अख्ख्या ब्रिटनमध्ये ५९. यावरून एका वाडीतल्या शंभराची किंमत कळावी.

२०१५ साली महाराष्ट्राने ब्लू मॉर्मन म्हणजे नीलवंत याला राज्य फुलपाखरू जाहीर केलं. असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य. नीलवंतही लिंबाच्याच घराण्यातल्या झाडांवर वाढतं, रानात माकडलिंबूवर, वाडीत लिंबू-पपनसावर. म्हणजे कुंडीत किंवा परसात सापडलेली "कीड" हे उद्याचं राज्य फुलपाखरूही असू शकतं.

बागायतदाराचं काय?

इथवर वाचून एखादा चिकूवाला म्हणेल, तुम्हाला काय जातंय सांगायला. त्याचं चुकीचं नाही. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याच चिकूच्या बागांना बी पोखरणाऱ्या आणि कळ्या खाणाऱ्या अळ्यांनी अनेक वर्षं जेरीस आणलं आहे. ते नुकसान खरं आहे. लिंबाच्या रोपवाटिकेत लाइम बटरफ्लायची अळीही नुकसान करते, कोवळ्या रोपाची सगळी पानं ती दोन दिवसांत संपवू शकते.

मात्र चिकूच्या त्या अळ्या फुलपाखरांच्या नाहीत, बारीक करड्या पतंगांच्या आहेत. आंब्यावरच्या बॅरनने कुणाचा हंगाम बुडाला नाही. चिंचेवरच्या राजाने तर नाहीच. फवारा मात्र ओळख विचारत नाही. म्हणून कृषी खात्याची माणसंही पहिला उपाय सांगतात तो बागेच्या स्वच्छतेचा: किडकी फळं वेचून नष्ट करा, दाटलेल्या फांद्या विरळ करा, किडीची पातळी बघून मगच औषध घ्या. फवारणी झाडापुरती ठेवली आणि कुंपण, बांध, विहिरीचा काठ सोडला, तर फुलपाखरांचं निम्मं काम होतं. मोठ्या रोपावरच्या चार अळ्या सोडायच्या आणि कलमावरच्या उचलून दुसऱ्या लिंबावर ठेवायच्या, हेही अनेकांना जमण्यासारखं आहे.

केंद्र सरकारने १९९१ साली डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक जाहीर केला आणि उद्योगांवर मर्यादा आणली. हिरवळ टिकली त्यात त्या अधिसूचनेचा वाटा आहे. पण ती कारखाने मोजते, बांधावरचा कोळशिंदा मोजत नाही. आता चिंचणीच्या उत्तरेला काही किलोमीटरवर वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली आहे. बंदराबद्दल मतं काहीही असोत, रस्ते रुंद होतील, जागांचे भाव चढतील, भराव पडतील. अशा वेळी झाडं मोजली जातात, कारण झाड कापायला परवानगी लागते. झुडपं आणि वेली मोजल्या जात नाहीत. आज कुठल्या खाजणाच्या कडेला पिलू आहे, कुठल्या ओढ्यावर वायवर्ण आहे, याची नोंद करायला लागतो फक्त मोबाईल.

ती करायची तर फोटो दोन काढावेत. एक फुलपाखराचा, शक्यतो पंख मिटलेला असताना, कारण ओळखीच्या खुणा बहुतेक वेळा खालच्या बाजूला असतात. दुसरा ते ज्या पानावर अंडं घालतंय किंवा अळी ज्यावर आहे त्या झाडाचा, पानांची मांडणी दिसेल असा. तारीख आणि गाव लिहून आयनॅचरलिस्टवर किंवा 'बटरफ्लाइज ऑफ इंडिया' या संकेतस्थळावर टाकले की ओळख पटवायला जाणकार मंडळी असतात. नुसत्या सुंदर फोटोपेक्षा अळीचा आणि पानाचा धूसर फोटो जास्त कामाचा ठरतो.

तारीख का, याचं उत्तर इव्हनिंग ब्राऊनकडे आहे. पावसाळ्यात भाताच्या बांधावर जन्मलेल्या पिढीच्या पंखाखाली ठळक डोळे असतात, पिवळं कडं आणि मध्ये पांढरा ठिपका. चोच मारायला आलेला पक्षी त्या डोळ्यांवर मारतो, पंखाचा तुकडा जातो, जीव वाचतो. भातकापणीनंतर गवत वाळतं आणि नंतरच्या पिढ्यांच्या पंखावरचे डोळे जवळपास पुसले जातात, उरतो सुक्या पानाचा रंग. जात तीच, जनुकं तीच. अळी वाढताना हवा किती उष्ण आणि किती दमट होती, त्यावर पुढचा वेष ठरतो. ऑगस्टचं आणि फेब्रुवारीचं इव्हनिंग ब्राऊन शेजारी ठेवलं तर दोन वेगळी फुलपाखरं वाटतात. पूर्वीच्या काही अभ्यासकांनाही अशा जोड्या वेगळ्या जातीच वाटल्या होत्या. कुणीतरी एकाच मादीची अंडी वेगवेगळ्या ऋतूंत वाढवून पाहिली, तेव्हा घोळ मिटला.